मार्वे-मनोरी-उत्तन-भाईंदर सायकल लूप: होडी झकास, हायवे भंगार

पहिलंच सांगतो, हा लूप मी आत्तापर्यंत चार वेळा मारलाय, दोनदा एकट्यानं, एकदा ऑफिसच्या पोरांबरोबर आणि गेल्या रविवारी मेहुण्याला घेऊन, आणि हे लिहायला बसलोय ते मेहुण्यामुळेच, कारण तो डोंबिवलीला घरी जाऊन सगळ्यांना सांगत सुटलाय की दाजींनी मला फसवलं, समुद्र दाखवतो म्हणाले आणि ट्रकचा धूर दाखवला. तर समुद्र किती आणि धूर किती ते नीट सांगतो.

मुंबईत सायकलवाल्याची गंमत बघा ना, तिन्ही बाजूंनी पाणी आणि पाण्याच्या कडेचे सगळे गुळगुळीत रस्ते आपल्याला बंद. सी लिंकवर सायकल नाही, कोस्टल रोडवर नाही, अटल सेतूवर तर नाहीच नाही. उरला मरीन ड्राइव्ह, तो जेमतेम साडेतीन किलोमीटर, तिथं पहाटे येरझाऱ्या घालायच्या म्हणजे गॅलरीत शतपावली केल्यासारखं वाटतं, आणि त्यासाठी बोरिवलीहून तिथवर जायचं म्हणजे जाण्यातच अर्धा दम गेला. म्हणून आमच्या साइडच्या लोकांचा हा लूप. नकाशा उघडा, मनोरी ते उत्तन हा तुकडा बघा, उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला आणि पूर्वेला मनोरीची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, आणि जमिनीनं जोडलेलं फक्त भाईंदरच्या बाजूनं. जुनं नाव धारावी बेट. माहीमजवळची धारावी वेगळी, ही वेगळी, मेहुणा पण आधी दचकला होता.

रूट असा: बोरिवली पश्चिम, लिंक रोडनं मालाडची मीठ चौकी, तिथून मार्वे रोड, मालवणी, आयएनएस हमला, मार्वे जेट्टी. बोटीनं मनोरी. मग मनोरी, गोराई, उत्तन, पाली, चौक नावाचं गाव, परत उत्तन, डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा, भाईंदर. आणि मग भाईंदर ते बोरिवली, ज्याबद्दल खाली बोलूच. माझ्या ॲपवर बोट सोडून पन्नासच्या आसपास भरतात, फोटो काढत थांबलात तर अख्खी सकाळ जाते. अंधेरीवाल्यांची तर अजून मजा, ते वर्सोव्याहून बोटीनं मढला उतरतात, मढ-आक्सा करत मार्व्याला येतात आणि परत बोट, एका राइडमध्ये दोन खाड्या.

दिशा मात्र उलटी करू नका. बरेच जण आधी भाईंदरला जातात, हायवेचा त्रास सकाळीच संपवू म्हणून, लॉजिक बरोबर आहे, पण आपण डावीकडून चालवतो आणि मनोरीहून उत्तरेला निघालं की समुद्र पण डावीकडेच, म्हणजे जिथं जिथं दिसतो तिथं मध्ये गाड्या नाहीत. दुसरं म्हणजे वारा. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, हलका, अकरा वाजत आले की फिरतो आणि समुद्रावरून वायव्येकडून सुटतो, आणि तो एकदा तोंडावर आला की गोराई ते उत्तन हा छोटासा पट्टा पण पेडल मारून मारून जीव काढतो. ऑफिसच्या पोरांबरोबर आम्ही उशिरा निघालो होतो तेव्हा हे कळलं, एक जण तर उतरून चालतच आला, म्हणाला सपाट रस्त्यावर घाट लागलाय.

तर पावणेसहाला निघालो. मेहुण्याची सायकल नवी कोरी, कार्बनची, पंचवीस एमएमचे टायर, किंमत विचारली तर म्हणाला दाजी ताईला सांगू नका. माझी सात वर्षं जुनी हायब्रिड, पस्तीसचे टायर, मागे कॅरियर, कॅरियरवरून तो मला लिंक रोडभर चिडवत होता. असो. लिंक रोड पहाटे ठीक आहे, खड्डे आहेत पण रिकामा असतो, मालवणीत मात्र सहालाच जाग असते, दुधाच्या गाड्या, पाववाले, रिक्षा, मध्येच कोंबड्यांचा टेम्पो, तिथं हळू.

मार्वे जेट्टी. इथूनच राइड सुरू होते असं माझं म्हणणं, आधीचं सगळं नुसतं पोचणं. बोट काही फॅन्सी नाही, लाकडी, डिझेलचा वास, बाक, आणि एका बाजूला स्कूटर, भाजीच्या पाट्या, गॅसचा सिलिंडर आणि शाळा-कॉलेजची पोरं सगळं एकत्र. माणसाचं तिकीट वेगळं, सायकलचं वेगळं, दोन्ही मिळून चहा-वडापावच्या हिशोबातलं, सुटे पैसे ठेवा. ओहोटी असेल तर उतार शेवाळलेला आणि चिखलाचा असतो, क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे बूट घालून त्यावर गेलात तर डायरेक्ट खाडीत. मेहुणा घालूनच आला होता. बोटीवरच्या माणसानं एका हातात त्याची सायकल आणि दुसऱ्या हातात त्याला धरून आत घेतलं, आणि आत घेतल्यावर सायकल दोन वेळा हातात तोलून बघून विचारलं, "दादा, ही खरी आहे ना?"

दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. जानेवारीत उजाडतं सातच्या पुढे, म्हणजे आम्ही मधोमध असताना मागे मालाडचे टॉवर काळे आणि समोर मनोरीची माडं राखाडी, पाणी एकदम तेलासारखं, आणि इंजिनाच्या टकटकीत कुणीच काही बोलत नाही. या दहा मिनिटांसाठी मी चारही वेळा आलोय. बोटीला पाचपैकी पाच, अजून एक पाहिजे तर माझ्या खात्यातून घ्या.

मनोरीत उतरलं की पहिला किलोमीटर विश्वास बसत नाही की आपण अजून मुंबई महापालिकेच्याच हद्दीत आहोत. घरांच्या दारात क्रूस, अंगणात जाळी पसरलेली, कोंबड्या, मागे ताडाची झाडं, आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बायका जे बोलतात ती मराठीच, पण कान देऊन ऐकायला लागते, ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, आणि कोळी लोकांची आपली चाल आहे तिला. रस्ता अरुंद, डांबर बऱ्यापैकी, दोन-तीन पॅच उखडलेले. मनोरी ते गोराई सगळ्यात सोपं आणि सगळ्यात छान पेडलिंग, थोडी शेतं, थोडी वाडी, थोडी खाजणं, बगळे. उजवीकडे लांब खाडीच्या कडेला पॅगोडाचं सोनेरी टोक दिसतं. ग्लोबल विपश्यना पॅगोडा हो, २००९ साली उद्घाटन झालेला, आत मधोमध एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात एवढा दगडी घुमट. बघायचाच असेल तर वेगळा दिवस काढा, सायकलच्या चड्डीत आणि घामाच्या टीशर्टमध्ये तिथं शांतता शोधायला जाऊ नका, मी एकदा गेलो होतो, लोक माझ्याकडेच बघत होते. बाजूला एस्सेलवर्ल्ड, १९८९ चं, आता बंद. आमच्या पिढीची शाळेची सहल म्हणजे हीच बोट, हीच खाडी, मेहुण्याला सांगत होतो तर तो ॲव्हरेज स्पीड बघत होता.

आता समुद्राचं खरं खोटं. लूप समुद्राकाठचा आहे, रस्ता समुद्राकाठचा नाही! हे कुणी सांगत नाही आणि मग लोकांचा पोपट होतो. रस्ता बऱ्यापैकी आतून जातो, मध्ये वाड्या, बंगले, रिसॉर्टच्या भिंती, समुद्र तुम्हाला वासानं कळतो, डोळ्यांनी तीन-चार ठिकाणीच. गोराई बीचला आत वळून जाता येतं पण रविवारी दहानंतर जाल तर उंट, घोडागाडी आणि बिअरच्या बाटल्यांच्या काचा, टायरची वाट. मी सरळ पुढे जातो.

गोराईनंतर चढ-उतार सुरू होतात, घाट वगैरे नाही, पण पोटऱ्यांना कळतं. केशवसृष्टीच्या आसपास झाडी दाट आहे आणि सकाळी तिथं चक्क थंडी वाजते. याच टप्प्यात कुठंतरी मुंबई उपनगर जिल्हा संपून ठाणे जिल्हा लागतो, बोर्ड शोधायला गेलात तर चुकवाल, दुकानांच्या पाट्यांवर पत्ता बदलतो तेव्हा कळतं. आणि या बाजूला एका वळणावर कचऱ्याच्या डोंगराचा असा भपकारा येतो ना, श्वास धरून पेडल मारायचं, दुसरा उपाय नाही. वारा फिरला की गावभर जातो म्हणे, आम्ही पाच मिनिटांत नाक दाबून पुढे निघून जातो, तिथं राहणाऱ्यांनी काय करायचं.

मग उत्तन. उत्तनवर मी तासभर बोलू शकतो. उतारावरून खाली आलं की एकदम समोर पाणी, बंदरात रंगीत बोटी, झेंडे, मागे चर्च, आणि किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले, हजारो, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून लटकवलेले, ओल्या बाजूनं चंदेरी दिसतात आणि वाळलेले पिवळसर. खाली मांजरं वर तोंड करून बसलेली, वर कावळे आणि त्यांना हाकलायला एक पोरगा रेडिओ लावून. ऑक्टोबर ते मे या दिवसांत जा, पावसाळ्यात वलांड्या रिकाम्या असतात आणि जून-जुलैत तर मासेमारीच बंद. वास आवडत नसेल तर हा लूप तुमच्यासाठी नाही, सरळ सांगतो. मेहुण्याला आवडतो, आमच्या सासरी भाताबरोबर सुकं असल्याशिवाय पान हलत नाही, तर तिथं तो पहिल्यांदा सायकलवरून स्वतःहून उतरला.

एका मावशीकडे भाव विचारला. ती म्हणाली, "सायकलवर कशाला नेतोस रे बाबा, सगल्या रस्त्याला मांजरा लागतील मागं." तरी घेतले. त्याच्या कार्बनला बांधायला जागाच नाही, मागच्या खिशात एक मोबाइल आणि एक एनर्जी जेल, बास. शेवटी कुणाच्या कॅरियरवर गेले ते तुम्हाला कळलं असेलच, आणि मी तेव्हा काही बोललो नाही, फक्त बघितलं त्याच्याकडे.

खायचं म्हणाल तर सकाळी नाक्यावर भुर्जी-पाव, वडापाव, चहा, ठीकठाक. थाळीच्या खाणावळी दुपारी चालू होतात आणि सायकलवाल्यानं दुपारी मासे-भात खाल्ला तर पुढे झोपच, त्यामुळे मी त्यांच्याबद्दल लिहीत नाही. मार्च-एप्रिलपासून रस्त्याच्या कडेला ताडगोळे मिळतात, तेव्हा इलेक्ट्रॉल घरी ठेवा, बारा ताडगोळे खा आणि निघा. पाणी मात्र दोन बाटल्या घरूनच.

उत्तनहून पाली करत चौकला जायचा फाटा बरेच जण सोडतात, सोडू नका, तीन-चार किलोमीटरचाच खेळ. वेलंकनी मातेचं तीर्थस्थान याच किनाऱ्याला आहे, ८ सप्टेंबरच्या सणाच्या दिवसांत मात्र सायकल नेऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. चौकला टोकाशी किल्ले धारावी, किल्ला म्हणावा एवढं फार उरलेलं नाही, थोडे अवशेष आणि चिमाजी अप्पांचं स्मारक. पण उभं राहून समोर बघा. खाडीच्या पलीकडे वसई. तेव्हा एकदम डोक्यात प्रकाश पडतो की १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत हे टेकाड एवढं महत्त्वाचं का होतं, वसईच्या किल्ल्याला समुद्राकडून रसद जायची ती याच तोंडातून, म्हणजे इथं तोफ ठेवली की दार लागलं. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी वसई सोडली. शाळेत हे सगळं पाठ केलं होतं, नकाशा न बघता, सायकलनं घाम गाळून वर आल्यावर पाच मिनिटांत समजलं. मेहुणा म्हणाला, दाजी वारा किती मस्त आहे, आणि सेल्फी. ठीक आहे, वारा पण मस्तच होता.

परतीला डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा. सुरुवातीला उतार आणि मग एकदम सपाट, मिठागरं आणि खाजणाचा पट्टा, एकदा वेग लागला की छान लागतो, फक्त भाईंदरहून येणाऱ्या बस आणि टमटम साइड देत नाहीत आणि रविवारी नऊनंतर बीचवर जाणाऱ्या गाड्यांची रांग समोरून येते, त्यातला प्रत्येक जण ओव्हरटेक करायला आपल्याच लेनमध्ये.

इथंच मेहुण्याचा टायर बसला. अर्थात. पंचवीसचा टायर, कसला तरी तारेचा तुकडा. त्याच्याकडे स्पेअर ट्यूब होती, पंप नव्हता, माझ्याकडे पंप होता पण तो जाड व्हॉल्वचा, त्याच्या सायकलला प्रेस्टा, म्हणजे बारीक व्हॉल्व. रस्त्याकडेचा पंक्चरवाला एकदम सज्जन माणूस, कॉम्प्रेसर चालू करून तयार, पण नोझल बसेना. तो त्या बारीक व्हॉल्वकडे असं बघत होता जसं डॉक्टर एक्सरेकडे बघतात. म्हणाला, "साहेब, हवा आहे, जायला भोक नाही." शेवटी अर्ध्या तासानं मागून एक सायकलवाल्यांचा घोळका आला, त्यातल्या एका काकांकडे पितळेचा बोटाच्या पेराएवढा अडॅप्टर होता, तो लावला आणि दोन मिनिटांत काम. हा अडॅप्टर वडापावच्या किमतीत मिळतो. प्रेस्टा वापरणाऱ्यानं तो व्हॉल्वलाच पिळून ठेवावा, लाखाची सायकल त्याच्यावाचून राईच्या नाक्यावर उभी होती.

आणि आता धूर. भाईंदर आलं की उड्डाणपुलावरून पूर्वेला, मग मीरा-भाईंदर रोड, डोक्यावर मेट्रोचे खांब, काशीमिरा आणि हायवे. याचं कारण साधं आहे, आपला लिंक रोड दहिसरला संपतो, पुढे भाईंदरकडे खाडी आणि खारफुटी, त्यामुळे या बाजूची सगळी ट्रॅफिक, घोडबंदरचे कंटेनर, गुजरातचे ट्रक, विरारच्या बस, आणि तुम्ही, सगळे एकाच दहिसर चेक नाक्याच्या गळ्यातून जाणार. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, तरी गर्दी ती गर्दीच. डाव्या कडेला खडी आणि वाळू, कडेचं झाकण रस्त्यापेक्षा इंचभर खाली, मागून हॉर्न. बारा किलोमीटर, पाऊण तास, आणि त्यातला एक क्षण पण एन्जॉय होत नाही. मला तर दरवेळी वाटतं की सकाळी बोटीत जे काही डोक्यातून उतरलं होतं ते इथं व्याजासकट परत चढतं. या तुकड्याला पाचपैकी एक, तो पण दहिसरला पुलाखालच्या उसाच्या रसाला.

म्हणून माझं म्हणणं असं की लूप पूर्ण करायचा हट्टच सोडा. ॲपवर तो गोल दिसतो, बरं वाटतं, स्क्रीनशॉट छान येतो, कबूल. पण उत्तन-चौक करून मागे फिरा, गोराईला या, आणि गोराईच्या जेट्टीवरून बोटीनं बोरिवलीच्या गोराई खाडीला उतरा, तिथून घर चार किलोमीटर. एक बोट जाताना, एक येताना, हायवे शून्य. पुढे उन्हात परत फिरायचा कंटाळा येतो हे खरं, आणि दुपारी बोटीला रिसॉर्टहून परतणाऱ्यांची रांग असते हे पण खरं, पण रांगेत उभं राहून निदान कुणी मेलं नाही. फारच दम असेल तर उलट पुढे जा, भाईंदरहून वसईची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, २०२४ पासून चालू आहे, सायकल घेऊन पलीकडे वसईचा किल्ला गाठा, चौकवरून जो बघितला तोच. ते मी अजून केलं नाहीये, केलं की सांगतो.

सायकल कुठली? कुठलीही, पण टायर बत्तीसच्या खाली नको. घरी आल्यावर चेन आणि गियर गोड्या पाण्यानं पुसून तेल द्या, खारं पाणी आणि हवा दोन दिवसांत लाल गंज आणते, मी पहिल्या वेळी आळस केला आणि चेन बदलावी लागली. एकट्या बाईमाणसानं जावं का असं ऑफिसमधल्या एकीनं विचारलं होतं, सकाळी गावातून जाताना मला तरी सगळीकडे बायकांचीच वर्दळ दिसली, कोळणी, चर्चला निघालेल्या, शाळेच्या पोरी, पण संध्याकाळी बीचच्या बाजूची दारू पिऊन चालवणारी मंडळी बघता मी स्वतः पुरुष असून थांबत नाही.

तर मेहुण्याचा आरोप अर्धा मान्य, धूर होता. पण फसवलं वगैरे काही नाही, मी उत्तनलाच म्हणालो होतो, मागे फिरू, बोटीनं जाऊ. त्यालाच ॲपवर गोल पूर्ण करायचा होता.

घरी पोचलो सव्वाबाराला. सोसायटीच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघं, दोन सायकली उभ्या करून, माझ्या कॅरियरवर कागदात गुंडाळलेले बोंबील, आणि तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तर सेक्रेटरीबाई, हातात देवळातलं ताट. त्या आत आल्या नाहीत. नुसतं विचारलं, "कुठून आलात?" मेहुणा एकदम उत्साहात म्हणाला, "पॅगोडा!"